आपल्या नावाचे डोमेन आपल्याच नावावर: पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

वरूड तालुक्यात आमच्या घरची संत्र्याची पन्हेरी, म्हणजे रोपवाटिका, आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून तयार केलेली कलम शेतकरी आज घेऊन जातो आणि वावरात लावतो, पण तिला पहिले चांगले फळ धरायला पाच ते सहा वर्षे लागतात. कलम जातिवंत होती की नाही हे ग्राहकाला कळेपर्यंत एवढा काळ गेलेला असतो. त्यानंतर त्याला आणखी कलमा हव्या असोत किंवा तक्रार करायची असो, तो आम्हाला जुन्या पावतीवर छापलेल्या पत्त्यावरूनच शोधतो. आमच्या जुन्या पावत्यांवर छापलेला वेबसाइटचा पत्ता तीनच वर्षांत हातातून गेला, आणि मध्य प्रदेश व राजस्थानातून येणाऱ्या ग्राहकांना आम्हाला शोधायला अडचण होऊ लागली.

चूक नोंदणीतच झाली होती. वेबसाइट तयार करून देणाऱ्या एका ओळखीच्या तरुणाला आम्ही ठरलेले पैसे दिले होते, आणि ‘सगळे तुमचेच आहे’ हे त्याचे सांगणे त्याच्या परीने प्रामाणिक होते. परंतु डोमेनची नोंद त्याच्या नावावर, त्याच्या ईमेलवर आणि त्याच्या खात्यात होती. पुढे तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, त्याचा फोन नंबर बदलला, नूतनीकरणाच्या सूचना त्याने उघडणे सोडून दिलेल्या ईमेलवर जात राहिल्या आणि मुदत संपली. काही महिन्यांनी आम्ही तो पत्ता उघडून पाहिला, तेव्हा तेथे परक्या माणसाच्या जाहिराती होत्या. आम्ही नोंदणी कंपनीला फोन केला, तेव्हा तिकडून पहिला प्रश्न आला, ‘नोंद कोणाच्या नावावर होती?’ पैसे भरल्याच्या पावत्या आमच्याकडे होत्या, पण या प्रश्नाचे आमच्या बाजूचे उत्तर नव्हते.

त्यानंतर मी स्वतःच्या नावाचे एक आणि पन्हेरीच्या नावाचे एक, अशी दोन डोमेन नोंदवली आणि नात्यातल्या व शेजारच्या गावांतील काही जणांनाही नोंदणी करायला मदत केली. त्या कामात आलेले अडथळे क्रमाने येथे लिहीत आहे.

डोमेन म्हणजे काय

इंटरनेटवरील प्रत्येक संगणकाला आकड्यांचा पत्ता असतो आणि तो लक्षात ठेवणे माणसाला शक्य नसते. म्हणून नावावरून आकडे शोधून देणारी व्यवस्था १९८३ मध्ये तयार झाली आणि १९८५ मध्ये डॉट कॉमचे पहिले नाव नोंदले गेले. डोमेन म्हणजे या व्यवस्थेत आपल्यासाठी राखून ठेवलेले नाव. जगभरातील या नावांचा समन्वय आयकॅन ही संस्था करते, तर आपल्या देशाच्या डॉट इन या शेवटाची नोंदवही निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, ही संस्था सांभाळते. या संस्थांकडे आपण थेट जात नाही. त्यांनी मान्यता दिलेल्या नोंदणी कंपन्यांमार्फत नाव घ्यावे लागते.

गावात हे समजावताना मी सातबाऱ्याचे उदाहरण देते. वावर कोण वाहतो, बांधावर कोण उभा राहतो, यापेक्षा भोगवटादाराच्या रकान्यात कोणाचे नाव आहे यावर सगळे ठरते. डोमेनच्या बाबतीतही नोंदणीधारक म्हणून कोणाचे नाव आहे हेच पाहिले जाते. एक फरक मात्र ध्यानात ठेवला पाहिजे. डोमेन कायमचे विकत मिळत नाही, ते मक्त्याने केलेल्या वावरासारखे असते. मक्ता वेळेवर भरला तर दुसरा कोणी त्यात पाय ठेवू शकत नाही, आणि भरायचा राहिला तर हक्क जातो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचे पैसे भरता येतात.

स्वतःच्या नावाचे डोमेन का घ्यावे

फेसबुकचे पान आहे, व्हॉट्सॲप आहे, मग आणखी खर्च कशाला, असा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. प्रश्न रास्त आहे, आणि या सोयी वापरू नका असे माझे म्हणणे नाही. आम्हीही त्या वापरतो. परंतु तेथील आपला पत्ता त्या कंपनीच्या नावाखाली असतो आणि कंपनीचा निर्णय बदलला की तो नाहीसा होतो. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झाले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेड्यापाड्यांतील कलाकारांनी जमवलेला प्रेक्षकवर्ग एका रात्रीत तुटला. ‘आता आम्हाला येथे पाहा’ असे सांगण्याइतकाही अवधी त्यांना मिळाला नाही. गुगलने दुकानदारांना फुकट दिलेली छोटी वेबसाइटही मार्च २०२४ मध्ये बंद केली, आणि ज्यांनी तो पत्ता दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतला होता त्यांच्या पाट्या निरुपयोगी झाल्या.

आपले डोमेन असेल तर असे काही घडल्यावरही लोकांना दिलेला पत्ता तोच राहतो. त्या पत्त्यामागे काय उघडायचे एवढेच आपण बदलतो. आज ते फेसबुकच्या पानाकडे वळवावे, उद्या यूट्यूबकडे वळवावे, परवा स्वतःची वेबसाइट तयार झाली की तिच्याकडे वळवावे. छापलेल्या पावत्या, पाटी, लेटरहेड यांना हात लावावा लागत नाही.

दुसरे कारण ईमेलचे आहे. स्वतःच्या डोमेनवरचा ईमेल पत्ता सेवा देणारी कंपनी बदलली तरी बदलत नाही. बारावीत घेतलेला ईमेल, त्यात जोडलेली जन्मतारीख किंवा टोपणनाव आणि पुढे विसरलेला पासवर्ड, यामुळे शिष्यवृत्तीच्या आणि भरतीच्या अर्जांत अडलेली मुले मी पाहिली आहेत.

वडसा भागातील झाडीपट्टीचा नाट्यकलावंत, ज्याचे प्रयोग दिवाळीनंतर गावोगाव ठरतात; भिवापुरी मिरची किंवा वायगावची हळद थेट ग्राहकाला विकणारा शेतकरी; कीर्तनकार; शिवणकाम करणारी ताई; नोकरी शोधणारा पदवीधर, अशा सर्वांची ओळख त्यांच्या नावावर उभी असते. ते नाव आधी दुसऱ्याने नोंदवले तर परत मिळवणे खर्चिक आणि अनिश्चित असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात डोमेन नावालाही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते असे मान्य केले आहे, आणि डॉट इनच्या वादांसाठी निक्सीची स्वतंत्र तंटा निवारण पद्धतही आहे. परंतु त्या नावाने आपली ओळख आधीपासून होती आणि समोरच्याने ते वाईट हेतूने घेतले, हे आपल्याला सिद्ध करावे लागते. साध्या नामसाधर्म्यात, म्हणजे त्याचेही नाव तेच असेल, तर ज्याने आधी नोंदवले त्याचे ते झाले. म्हणून वेबसाइट तयार करण्याचा विचार आज नसला तरी नाव आजच नोंदवून ठेवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणीपूर्वी जवळ ठेवायच्या गोष्टी

• आधार कार्ड आणि पॅन कार्ड. डॉट इनसाठी नोंदणी कंपनी ओळख पडताळणी मागू शकते, त्यामुळे अर्जातले नाव या कागदांवरील नावाशी अक्षर न अक्षर जुळले पाहिजे.
• स्वतःचा, रोज उघडला जाणारा ईमेल.
• स्वतःच्या नावावरील चालू मोबाइल नंबर.
• यूपीआय किंवा ऑनलाइन व्यवहार सुरू असलेले कार्ड.
• पिन कोडसह पूर्ण टपाल पत्ता. गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा हे सगळे लिहावे.
• व्यवसायासाठी घेत असाल आणि जीएसटी क्रमांक असेल तर तोही.
• एक वही. या वहीचे काम पुढे येईल.

१. नाव ठरवा आणि ते मोठ्याने म्हणून पाहा

रोमन लिपीतल्या डोमेनमध्ये अक्षरे, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढेच चालते. रेघ सुरुवातीला किंवा शेवटी देता येत नाही. अक्षर मोठे असो की लहान, फरक पडत नाही. लांबी ६३ अक्षरांपर्यंत चालते, पण पंधराच्या आत राहिलेले बरे.

मराठी नावांची खरी अडचण रोमन लिपीतल्या वर्णलेखनाची आहे आणि ती नवख्या माणसाच्या आधी लक्षात येत नाही. वानखडे लिहिताना सुरुवातीला डब्ल्यू की व्ही? ‘ख’नंतर ए की ई? ठाकरे, राऊत, उईके, भोयर या प्रत्येक आडनावाची दोन-तीन वर्णलेखने आपल्याच जिल्ह्यात सापडतात, आणि एका घरातील दोन भावांच्या दाखल्यांवर ती वेगवेगळी असतात. माझा अनुभव असा की आधार आणि पॅनवर जे आहे तेच घ्यावे, कारण लोक आपल्याला बहुतेक वेळा कागदावरच्या लेखनानेच शोधतात. नंतर ते नाव फोनवर तीन अनोळखी माणसांना सांगून त्यांना लिहायला लावावे. तीनपैकी दोन जणांनी चुकीचे लिहिले तर दुसरे नाव शोधावे, किंवा लोक ज्या चुकीच्या वर्णलेखनाकडे वळतात तेही घेऊन मूळ पत्त्याकडे वळवावे. आडव्या रेघेचे नाव मी टाळते. बोलताना ती सांगायची राहून जाते आणि ऐकणारा भलत्याच पत्त्यावर पोहोचतो.

नाव आणि आडनाव मिळून आधीच घेतलेले असेल तर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर मध्ये घालावे किंवा शेवटी गावाचे नाव जोडावे. कोणत्याही प्रसिद्ध कंपनीचे, चित्रपटाचे किंवा सरकारी योजनेचे नाव आपल्या डोमेनमध्ये घालू नये. त्यातून तक्रार ओढवते.

२. शेवट निवडा

डॉट कॉम सर्वांच्या तोंडी आहे आणि बाहेरच्या राज्यांतील ग्राहक सवयीने तेच टाइप करतो. डॉट इन भारताचा आहे, २००५ पासून सर्वांसाठी खुला आहे आणि त्यात नाव मिळण्याची शक्यता जास्त असते. त्याखाली व्यक्तींसाठी डॉट इंड डॉट इन असाही एक प्रकार आहे, पण तो लोकांच्या ओळखीचा नसल्याने मी त्याची शिफारस करत नाही. शक्य असेल तर डॉट इन आणि डॉट कॉम दोन्ही घ्यावेत. एकच परवडत असेल तर गाव-जिल्ह्यातल्या कामासाठी डॉट इन पुरेसे आहे.

देवनागरीत नाव देता यावे म्हणून डॉट भारत हा शेवट ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाला आणि त्यात मराठीतच पूर्ण पत्ता लिहिता येतो. आपल्या भाषेतील पत्त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो आणि मी तोही घेतला आहे. परंतु आतल्या यंत्रणेत हे नाव एक्सएन आणि दोन रेघांनी सुरू होणाऱ्या रोमन रूपात बदलले जाते, आणि अनेक ठिकाणचे ऑनलाइन अर्ज असा ईमेल पत्ता अजून स्वीकारत नाहीत. त्यामुळे तो रोमन नावाच्या जोडीला घ्यावा, एकटा घेऊ नये.

फुकट शेवटांच्या मोहात पडू नका. डॉट टीकेसारखे शेवट वर्षानुवर्षे फुकट देणाऱ्या कंपनीने २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबवली आणि २०२४ मध्ये हा व्यवसायच सोडला.

३. नोंदणी कंपनी निवडा

पहिल्या वर्षाची किंमत पाहून कंपनी निवडणे हा सर्वांत मोठा सापळा आहे. जाहिरातीत पहिले वर्ष नव्याण्णव रुपयांना दिसते, पण दुसऱ्या वर्षापासूनचा दर बारीक अक्षरांत असतो आणि तो अनेक पट असू शकतो. शिवाय दाखवलेल्या दरावर १८ टक्के जीएसटी लागतो. नूतनीकरणाचा दर आधी शोधा आणि त्यावरच तुलना करा. डॉट इन किंवा डॉट कॉमसाठी वर्षाला साधारण ५०० ते १,५०० रुपयांची तयारी ठेवावी.

कंपनीला निक्सीची किंवा आयकॅनची मान्यता आहे का, हे त्या संस्थांच्या यादीत पाहता येते. त्याखेरीज रुपयांत आणि यूपीआयने पैसे घेतले जातात का आणि अडचण आल्यास हिंदीत तरी बोलता येते का, या दोन गोष्टी मी पाहते. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण घरातील वडीलधाऱ्यांना एखाद्या वेळी एकट्यानेच फोन करावा लागू शकतो.

४. प्रत्यक्ष नोंदणी स्वतःच्या हाताने करा

हे काम मोबाइलवर वीस मिनिटांत होते. तरीही बहुतेक जण आपले सरकार सेवा केंद्रात किंवा तालुक्याच्या सायबर कॅफेत जातात, आणि तेथेच गफलत होते. सातबारा, दाखले, पीकविमा यांची रांग लागलेली असते. घाईत केंद्रचालक ईमेलच्या जागी स्वतःचा ईमेल आणि मोबाइलच्या जागी स्वतःचा नंबर टाकतो, कारण ओटीपी लगेच त्याच्या हातात येतो आणि काम लवकर उरकते. त्यात त्याचा वाईट हेतू नसतो. पण त्या क्षणी डोमेनच्या किल्ल्या त्याच्याकडे गेलेल्या असतात. तेथे बसून अर्ज भरावा लागलाच तर प्रत्येक रकाना स्वतः वाचा, पासवर्ड स्वतः टाइप करा, ‘पासवर्ड जतन करायचा का’ या प्रश्नाला नाही म्हणा आणि उठण्यापूर्वी खात्यातून बाहेर पडा.

क्रम असा असतो:

• कंपनीच्या वेबसाइटवर आपल्या ईमेलने खाते उघडा.
• हवे ते नाव शोधा. नुसते शोधून ‘घरी जाऊन ठरवतो’ म्हणण्यापेक्षा ठरवून बसा आणि शोधल्यावर लगेच घ्या.
• टोपलीत काय काय आले आहे ते पाहा. होस्टिंग (वेबसाइट ठेवायची भाड्याची जागा), वेबसाइट बिल्डर, ईमेल, सुरक्षा पॅकेज असे बरेच काही आधीच निवडलेले असते. केवळ डोमेन ठेवा, बाकी काढून टाका.
• नोंदणीधारकाच्या रकान्यात आपले पूर्ण नाव लिहा. संस्थेचा रकाना रिकामा ठेवा. तेथे दुकानाचे किंवा वेबसाइट करून देणाऱ्याचे नाव पडले तर पुढे तीच संस्था धारक मानली जाऊ शकते.
• दोन किंवा तीन वर्षांचे पैसे एकदम भरा.
• बिल ईमेलवर येते. त्याची एक प्रत छापून सातबारा आणि बँकेच्या कागदांच्या फाईलमध्ये लावा.

सुरक्षा प्रमाणपत्रासाठी, म्हणजे पत्त्याच्या बाजूला कुलपाचे चिन्ह दिसते त्यासाठी, वर्षाला हजारो रुपये मागितले जातात. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा हे प्रमाणपत्र विनामूल्य देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवून देतात.

आपली माहिती लोकांसमोर झाकण्याची सेवा अनेक कंपन्या डॉट कॉमबरोबर फुकट देतात, ती जरूर घ्यावी. डॉट इनच्या नियमांत मात्र धारकाच्या जागी दुसऱ्याचे नाव पुढे करणारी अशी सेवा चालत नाही, म्हणून त्यासाठी पैसे देऊ नका.

५. पडताळणीचा ईमेल त्याच दिवशी उघडा

डॉट कॉमसारख्या नावांसाठी आयकॅनच्या नियमाप्रमाणे धारकाचा ईमेल किंवा फोन पंधरा दिवसांत पडताळावा लागतो. तो पडताळला नाही तर डोमेन थांबवले जाते आणि वेबसाइट व ईमेल दोन्ही बंद पडतात. आमच्या एका नातेवाइकाचे असे झाले. पडताळणीचा ईमेल स्पॅममध्ये पडला होता, आणि पैसे भरूनही पत्ता का उघडत नाही हे त्यांना तीन आठवडे कळले नाही. डॉट इनसाठी कंपनी ओळखीची कागदपत्रे मागेल; ती कंपनीच्या खात्यात जाऊनच अपलोड करावीत, व्हॉट्सॲपवर पाठवू नयेत.

६. खात्याला कुलूप लावा

पासवर्ड लांब आणि फक्त याच खात्यासाठी असावा. त्यासोबत दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागण्याची सोय, सुरू करावी, आणि ती एसएमएसवर न ठेवता ऑथेंटिकेटर ॲपवर ठेवावी. या ॲपमधील सहा आकडी कोड फोनमध्येच तयार होतो आणि त्याला नेटवर्क लागत नाही. मेळघाटात किंवा आमच्याकडच्या पहाडपट्टीत रेंज नसली तरी तो मिळतो. शिवाय रिचार्ज न केलेला मोबाइल नंबर काही काळाने बंद होतो आणि पुढे दुसऱ्याला मिळू शकतो, तेव्हा एसएमएसचा ओटीपी परक्या फोनवर जाईल.

ॲप सुरू करताना कंपनी काही राखीव कोड देते. ते वहीत लिहून ठेवावेत, कारण फोन हरवला किंवा पाण्यात पडला तर खात्यात शिरायचा तोच मार्ग उरतो. डोमेन परस्पर दुसऱ्या कंपनीकडे हलवू न देणारी ट्रान्सफर लॉक नावाची सोयही चालू आहे ना, ते पाहावे.

७. डोमेन कामाला लावा

नाव घेऊन ठेवले तरी ते निरुपयोगी नसते, पण तीन कामे लगेच करता येतात.

पहिले काम वळवण्याचे. कंपनीच्या खात्यात फॉरवर्डिंग म्हणून पर्याय असतो. तेथे आपल्या फेसबुक पानाचा किंवा यूट्यूब वाहिनीचा पत्ता टाकला की आपले डोमेन टाइप करणारा माणूस तेथे पोहोचतो. बदल लागू व्हायला काही मिनिटांपासून दोन दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो, तेवढी वाट पाहावी आणि सारखे बदल करत बसू नये.

दुसरे काम ईमेलचे. आपला ईमेल कुठे पोहोचवायचा ते सांगणाऱ्या एमएक्स नावाच्या काही नोंदी ईमेल सेवा देणारी कंपनी आपल्याला देते; त्या डोमेनच्या डीएनएस पानावर, म्हणजे नावामागचे पत्ते जेथे नोंदवतात त्या पानावर, जशाच्या तशा भराव्या लागतात. ईमेल खरोखर आपल्याच डोमेनवरून गेला हे पटवणाऱ्या, तिने दिलेल्या एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदीही भराव्यात, नाहीतर आपण पाठवलेले ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जातात. एक खबरदारी मात्र जपली पाहिजे: डोमेनच्या खात्याचा संपर्क ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नये. डोमेन बंद पडले तर तो ईमेलही बंद पडेल आणि दुरुस्तीची सूचना आपल्यापर्यंत पोहोचणारच नाही.

तिसरे काम वेबसाइटचे. एका पानावर नाव, काम, गाव, फोन आणि दोन छायाचित्रे एवढे पुरते. ब्लॉगरसारख्या फुकट सेवेला स्वतःचे डोमेन जोडता येते. वेबसाइट दुसऱ्याकडून करून घ्यायची असेल तर त्याला डोमेनच्या खात्याचा पासवर्ड देऊ नये. त्याला लागणाऱ्या नेमसर्व्हरच्या (डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या संगणकाच्या) किंवा डीएनएसच्या नोंदी त्याने लिहून द्याव्यात आणि आपण भराव्यात.

८. नूतनीकरण

आपोआप नूतनीकरण सुरू ठेवावे, पण त्यावर विसंबू नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे दरवर्षी कार्डातून आपोआप पैसे कापले जाण्यासाठी ई-मँडेट (आधी दिलेली ऑनलाइन संमती) लागतो, आणि परदेशी कंपन्यांचे किंवा सहकारी बँकांच्या कार्डांचे व्यवहार अनेकदा तेथे अडतात. कार्डाची मुदत संपली तरीही तेच होते. मी मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख मोबाइलवर आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दोन्हीकडे टिपते. आमच्याकडे आंबिया बहाराच्या तोडणीत कोणाला कशाची शुद्ध नसते, म्हणून मुदतीचा महिना हंगामाबाहेर येईल अशी मी पहिली नोंदणीच उन्हाळ्यात केली.

मुदत संपली म्हणजे डोमेन त्याच दिवशी गेले असे होत नाही. डॉट कॉमच्या बाबतीत बहुतेक कंपन्या आधी काही दिवसांची सवलत देतात आणि त्यात नेहमीच्या दरानेच नूतनीकरण होते. त्यानंतरच्या तीस दिवसांत ते सोडवून घेता येते, पण त्याचा दंड मोठा असतो. शेवटचे पाच दिवस कोणालाच काही करता येत नाही, आणि मग नाव सर्वांसाठी मोकळे होते. चालून गाजलेल्या नावांवर तेव्हा टपून बसलेले लोक असतात.

याच काळात फसवे ईमेलही येतात. आपल्या डोमेनचे नाव, मुदतीची तारीख आणि ‘आजच भरा, नाहीतर नाव जाईल’ असा मजकूर, पण पाठवणारी कंपनी वेगळीच असते. अशा ईमेलमधील दुव्यावर कधीही पैसे भरू नयेत. आपल्या कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून खाते उघडावे, आणि तेथे थकबाकी दिसली तरच भरावी. नोंदणीनंतर वेबसाइट करून देतो म्हणून येणाऱ्या फोनना ओटीपी किंवा खात्याची माहिती देऊ नये.

९. नोंद आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल तर

आमच्या बाबतीत उशीर झाला होता, तुमच्या बाबतीत कदाचित नसेल. डॉट कॉमसाठी आयकॅनच्या आणि डॉट इनसाठी निक्सीच्या शोध पानावर नाव टाकले की नोंदणी कंपनी कोणती आणि मुदत कधी संपते हे दिसते. धारकाचे नाव झाकलेले असले तरी एवढी माहिती पुरेशी आहे. त्या कंपनीत तुमचे खाते नसेल, तर डोमेन तुमच्या हातात नाही.

ज्याने वेबसाइट करून दिली त्याच्याशी संबंध चांगले असतानाच बोलावे. त्याच कंपनीत आपले खाते उघडून त्याला डोमेन आपल्या खात्यात हलवायला सांगणे हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि त्याला सहसा पैसे लागत नाहीत. कंपनीही बदलायची असेल तर त्याने ट्रान्सफर लॉक काढून एक गुप्त कोड द्यावा लागतो. तो नव्या कंपनीत भरला की काही दिवसांत डोमेन येते आणि डॉट कॉमच्या मुदतीत एक वर्षाची भर पडते. नव्याने नोंदलेले डॉट कॉम पहिले साठ दिवस दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही. हस्तांतर झाल्यावर धारकाचे नाव, ईमेल आणि फोन हे तिन्ही आपले झाले आहेत ना, हे खात्यात शिरून तपासावे.

१०. घरात एकाला तरी सांगून ठेवा

ती वही येथे उपयोगी पडते. तिच्यात डोमेनची नावे, नोंदणी कंपनीचे नाव, खात्याचा ईमेल, मुदतीची तारीख आणि राखीव कोड लिहावेत; पासवर्ड वेगळ्या जागी ठेवावा आणि ती जागा घरातील एका विश्वासू माणसाला सांगावी. धारक वारला तर डोमेन वारसाच्या नावावर करण्यासाठी कंपन्या मृत्यूचा दाखला आणि वारसा सिद्ध करणारी कागदपत्रे मागू शकतात. ती मिळेपर्यंत तलाठी कार्यालयापासून न्यायालयापर्यंत फेऱ्या होतात, आणि तेवढ्या काळात मुदत संपू शकते. निदान पैसे भरून मुदत वाढवता येईल एवढी माहिती घरात असावी. आमची वही बाबांच्या लोखंडी कपाटात सातबाऱ्यांच्या फाईलखाली असते, आणि दर अक्षय्य तृतीयेला मी तिच्यातील तारखा खात्याशी ताडून पाहते.